आकाशाचे छायाचित्रण : आरंभ कसा करावा



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला बोलावला की तो महागाईभत्त्यावर, कंत्राटी पद्धतीवर किंवा नव्या कामगार कायद्यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. चालकांनी यंदा विषय निवडण्याची मला मोकळीक दिली आणि मी आकाशाच्या छायाचित्रणाचे नाव काढले, तेव्हा फोनच्या पलीकडे थोडा वेळ कोणीच बोलेना. मी खगोलशास्त्रज्ञ नव्हे. माझी शाळा दहावीनंतर सुटली. पुढे काही वर्षे लेथवर टर्नरचे काम केले आणि नंतरचे सारे आयुष्य युनियनच्या कचेरीत आणि कारखान्यांच्या गेटांवर गेले. आज जे सांगणार आहे ते थोडे पुस्तकांतून, थोडे मित्रांकडून आणि पुष्कळसे बिघडलेल्या फोटोंपासून शिकलेले आहे.

हा नाद मला कसा लागला ते आधी सांगतो. २००३ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. एका तालुक्याच्या गावाबाहेरील औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात टाळेबंदी झाली होती. आतली यंत्रे रातोरात हलवतील या धास्तीने आम्ही पाळीपाळीने गेटवर जागत होतो. वीज तोडलेली असल्यामुळे आवारात अंधार होता, आणि शेकोटी विझत आली की वर पाहण्यावाचून दुसरा उद्योग नसे. आमच्यातला एक तरुण फिटर लग्नसराईत फोटो काढून चार पैसे जोडीत असे. एके रात्री त्याने आपला फिल्मचा कॅमेरा आणला, बंद गेट चौकटीत येईल असा उत्तरेकडे तोंड करून तिपाईवर बसवला, शटर उघडले आणि तासाभराने मिटले. आठवड्याने रोल धुऊन आला. गेटच्या वर ताऱ्यांच्या कमानी उमटल्या होत्या, एकीच्या आत दुसरी, आणि मधोमध ध्रुव जवळजवळ जागच्या जागी!

तो लढा आम्ही जिंकलो नाही. हिशेबाचे पैसे मागितले त्याच्या निम्म्यानेही मिळाले नाहीत आणि माणसे पांगली. पण तो फोटो आमच्यापैकी पुष्कळांच्या घरी अजून भिंतीवर आहे. त्यात एकही माणूस दिसत नाही; तरी त्या रात्री गेटवर कोण कोण होते ते आम्ही त्याच्याकडे पाहून सांगू शकतो.

आता मुद्द्याकडे येऊ. आकाशाचा फोटो काढायचा म्हणजे मोठी दुर्बीण हवी, कॉलेजचे शिक्षण हवे आणि गाठीला बक्कळ पैसा हवा, असा आपल्याकडे समज आहे. हा समज खोटा आहे एवढेच मला आज सांगायचे आहे. या विद्येत मुख्य भांडवल वेळेचे आहे, आणि त्याचे कारण प्रकाशाच्या स्वभावात आहे. आपला डोळा प्रकाश साठवून ठेवीत नाही. तुम्ही एखाद्या फिकट ताऱ्याकडे मिनिटभर टक लावून पाहिलेत म्हणून तो अधिक तेजस्वी दिसत नाही. कॅमेऱ्यातील फिल्म किंवा हल्लीचा सेन्सर मात्र थेंब थेंब प्रकाश साठवीत जातो. डोळ्याला जे कधीच दिसणार नाही, ते त्याला दहा मिनिटांत दिसू लागते.

ही गोष्ट माणसाच्या ध्यानात यायला काही काळ लागला. १८४० साली न्यूयॉर्कच्या जॉन विल्यम ड्रेपर यांनी चंद्राची प्रतिमा ताम्रपटावर उमटवली. १८५० साली हार्वर्ड वेधशाळेत अभिजित ताऱ्याचे चित्र मिळाले. याच ड्रेपरांचे चिरंजीव हेन्री यांनी १८८० साली मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. १८८३ साली अँड्र्यू कॉमन यांनी लंडनजवळच्या आपल्या घरच्या बागेतून त्याच तेजोमेघाचे जे छायाचित्र घेतले, त्यात दुर्बिणीतून डोळ्याला न दिसणारे तारे उमटले होते. हे कॉमन व्यवसायाने आरोग्यव्यवस्थेचे, म्हणजे गटारे आणि सांडपाणी यांचे अभियंते होते, ज्योतिषी नव्हते.

परंतु मला सर्वांत जवळचा वाटतो तो एडवर्ड इमर्सन बर्नार्ड. अमेरिकेतील नॅशव्हिल गावी १८५७ साली अत्यंत गरिबीत त्याचा जन्म झाला. बाप जन्मापूर्वीच वारलेला. शाळेचे तोंड त्याने दोनचार महिनेच पाहिले. नऊ वर्षांचा होण्याच्या सुमारास तो एका फोटोच्या दुकानात कामाला लागला. त्या काळी फोटो मोठे करण्यासाठी सूर्यप्रकाश वापरीत. गच्चीवर त्याचे एक अवजड यंत्र होते, आणि सूर्य जसा सरकेल तसे ते यंत्र हाताने फिरवीत दिवसभर उभे राहायचे, हे या पोराचे काम. आकाश सरकते आणि आपण त्याच्याबरोबर सरकले पाहिजे, हा या विद्येचा पहिला धडा त्याला असा मजुरीतून मिळाला. पुढे हाच मुलगा लिक वेधशाळेत गेला. १८८९ साली त्याने आकाशगंगेची जी प्रसिद्ध छायाचित्रे घेण्यास आरंभ केला, ती कोणत्या भिंगाने? माणसांचे चेहरे टिपण्यासाठी फोटोच्या दुकानात वापरीत, त्या जातीच्या एका जुन्या भिंगाने!

आपला मुलूखही या इतिहासाच्या बाहेर नाही. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले, तेव्हा पुणे-सोलापूर लोहमार्गावरील जेऊर येथे देशोदेशीचे वेधकर्ते कॅमेरे मांडून बसले होते. लिक वेधशाळेची तुकडी तेथे होती, आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी नेगमवाला यांचीही होती. असो.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. पहिली सूचना : दुर्बीण आधी घेऊ नका. आमच्या एका सोबत्याने दिवाळीच्या बोनसमधून मुलासाठी एक दुर्बीण घेतली. खोक्यावर ‘५२५ पट मोठे दिसते’ असे छापलेले होते. घरी आणून पाहतात तो धूसर डागापलीकडे काही दिसेना, आणि तिचे लुकडे पाय वाऱ्याने थरथरत. ती आज खाटेखाली आहे, आणि त्या मुलाची आकाशाची आवडही तिच्याबरोबर खाटेखाली गेली, याचे मला अधिक वाईट वाटते. दुर्बिणीची योग्यता ‘किती पट’ यावर नसते. तिचे भिंग वा आरसा किती रुंद आहे आणि तिची बैठक किती स्थिर आहे, यावर असते. रुंदीच्या दर मिलिमीटरला दोन पट ही ढोबळ मर्यादा धरावी. साठ मिलिमीटरच्या दुर्बिणीला एकशेवीस पटींपलीकडे ओढण्यात अर्थ नाही.

मग आरंभ कशाने करावा? हाताने शटर, छिद्र आणि आयएसओ ठरवता येईल असा कोणताही कॅमेरा घ्यावा, जुना घेतलेला असला तरी उत्तम. शिवाय एक मजबूत तिपाई. आजकालच्या पुष्कळ मोबाइलांतही शटर तीस सेकंद उघडे ठेवण्याची सोय असते. तोही चालेल, फक्त त्याला हातात धरू नका. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा आणि गावाच्या दिव्यांपासून जितके दूर जाता येईल तितके जा. एकट्याने जाऊ नका आणि घरी सांगून जा.

पहिला अडथळा फोकसचा येतो. काळोखात कॅमेऱ्याला स्वतःहून फोकस साधत नाही, आणि भिंगावरील ‘अनंत’ची खूण बहुधा अचूक नसते. फोकस हातावर घ्यावा, मागच्या पडद्यावर व्याधासारखा एखादा ठळक तारा पुष्कळ मोठा करून पाहावा आणि तो सुईच्या टोकाएवढा होईपर्यंत कडे हळूहळू फिरवावे. मग कड्यावर चिकटपट्टी लावून टाकावी. माझे पहिले सहा महिन्यांचे बहुतेक फोटो या एका पट्टीअभावी वाया गेले. छिद्र शक्य तेवढे मोठे, आयएसओ १६०० किंवा ३२००, फोटो ‘रॉ’ स्वरूपात आणि बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

आता शटर किती वेळ उघडे ठेवायचे? आकाश तासाला पंधरा अंश फिरते. वेळ फार झाला तर ताऱ्याचा ठिपका लांबट होतो. यासाठी एक ढोबळ नियम आहे : ५०० या संख्येला भिंगावरील मिलिमीटरच्या आकड्याने भागावे. ५० मिलिमीटरच्या भिंगाला दहा सेकंद मिळतात. पुष्कळशा कॅमेऱ्यांचा सेन्सर जुन्या फिल्मपेक्षा लहान असतो. त्यांत या उत्तराला पुन्हा दीडने भागावे, म्हणजे साडेसहा सेकंद राहतात. तारे तरीही लांबट दिसले, तर ५०० ऐवजी ३०० धरावे. उलट आमच्या गेटवरच्यासारख्या कमानीच हव्या असतील, तर कॅमेरा जागचा न हलवता तासभर एकामागून एक फोटो घेत राहावे आणि नंतर ते संगणकावर एकावर एक रचावे.

तुम्ही म्हणाल, साडेसहा सेकंदांत प्रकाश तो किती साठणार? बरोबर आहे. अशा एका फोटोत तारे दिसतात, पण सर्वत्र वाळू फेकल्यासारखी खरखर असते. येथे एक सुंदर गणित आपल्या मदतीला येते. तारा प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो. खरखर मात्र प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी पडते. सोळा फोटो एकत्र केले की ताऱ्याचा प्रकाश सोळा पट होतो, खरखर मात्र चौपटच वाढते. म्हणजे चित्र चार पट स्वच्छ झाले. शंभर फोटो जोडले तर दहा पट. एकट्या कामगाराचा अर्ज साहेबाच्या टोपलीत जातो आणि शंभर सह्यांचा अर्ज टेबलावर येतो, हे मी आयुष्यभर सांगत आलो. आकाशातही तोच कायदा असल्याचे पाहून मला किती आनंद झाला असेल! अर्थात उपमा ताणू नये. फोटो एकमेकांशी भांडत नाहीत, माणसे भांडतात. ही जोडणी करणारे ‘सिरिल’ आणि ‘डीपस्कायस्टॅकर’ हे कार्यक्रम संगणकावर फुकट मिळतात. सोबत भिंगावर झाकण ठेवून तेवढ्याच वेळाचे वीसेक काळे फोटोही घ्यावे, म्हणजे सेन्सरचे स्वतःचे दोष त्यांतून वजा करता येतात.

यानंतरची पायरी माझ्या विशेष आवडीची, कारण ती आमच्या वर्कशॉपमधली आहे. आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारी विकतची यंत्रे महाग असतात. परंतु स्कॉटलंडच्या जॉर्ज हेग यांनी १९७० च्या दशकात दोन फळ्या, एक बिजागरी आणि एक स्क्रू यांवर हे काम भागवून दाखवले. त्यामागचा हिशेब पाहा. आकाशाचा एक फेरा २३ तास ५६ मिनिटांत, म्हणजे १४३६ मिनिटांत पुरा होतो. ज्या वर्तुळाचा परीघ १४३६ मिलिमीटर आहे, त्याची त्रिज्या साधारण २२८.५ मिलिमीटर येते. म्हणून बिजागरीच्या दांडीपासून बरोबर २२८.५ मिलिमीटरवर खालच्या फळीत नट बसवा आणि त्यातून सहा मिलिमीटरचा साधा स्क्रू वर घ्या. या स्क्रूचे आटे एकेक मिलिमीटरवर असतात, म्हणजे एका फेऱ्यात तो एक मिलिमीटर चढतो. मिनिटाला एक फेरा दिलात, की वरची फळी आकाशाच्याच गतीने उघडत जाते. घड्याळ समोर ठेवून दर पंधरा सेकंदांनी पाव फेरा द्यावा, एवढेच.

फळ्या मांडताना उत्तरेकडे तोंड करावे. बिजागरी डाव्या हाताला यावी आणि तिची दांडी ध्रुवाकडे रोखलेली असावी. दांडीला शीतपेयाची नळी चिकटवून तिच्यातून ध्रुव दिसेल असे करावे. ध्रुव क्षितिजापासून आपल्या अक्षांशाइतका वर असतो. मुंबईला सुमारे १९ अंश. वरच्या फळीवर, कोणत्याही दिशेला वळेल अशा गोलाच्या खिळीवर कॅमेरा बसवावा. स्क्रू सरळ आणि फळीची वाट वर्तुळाची, त्यामुळे वेळ वाढेल तशी चूकही वाढते. परंतु ५० मिलिमीटरच्या भिंगाने पाचसात मिनिटांचे फोटो निर्वेध मिळतात. मी पहिली फळी बनवली तेव्हा नटाचे भोक तीन मिलिमीटर चुकले होते आणि चार रात्री मी दोष ध्रुवाला देत होतो! लेथवर काम केलेल्या माणसाने हे कबूल करायला लाज वाटते. पण मोजमाप दोनदा तपासा, हे सांगण्यासाठी करतो.

काय टिपावे? या वैशाखात मृग नक्षत्र मावळतीला गेले आहे. त्याचा हंगाम मार्गशीर्षापासून माघापर्यंत. त्यातील बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेस फिकट ताऱ्यांची एक छोटी ओळ आहे. तिच्या मधोमध तो तेजोमेघ आहे, सुमारे तेराशे प्रकाशवर्षे दूर, जिथे नवे तारे जन्म घेत आहेत. साध्या ५० मिलिमीटरच्या भिंगाने आणि तिपाईवरील शंभर फोटोंनी त्याचा तांबूस रंग पुसटसा का होईना हाती येतो. हिवाळ्यातच कृत्तिकांचा पुंजका आणि देवयानीतील दीर्घिकाही मिळते. आत्ताच्या रात्रींत संध्याकाळी सप्तर्षी डोक्याशी असतात आणि मध्यरात्रीनंतर आग्नेयेकडून वृश्चिक आणि धनु यांच्यातली आकाशगंगा वर येते. पावसाळी ढग जमण्यापूर्वी हे काम उरकावे. पुढे तीन-चार महिने आकाशाला टाळेबंदीच असते.

चंद्रासाठी मात्र दुर्बीण उपयोगी, आणि येथे लांब वेळ मुळीच नको. चंद्र म्हणजे उन्हात पडलेला खडकच. त्याला दिवसाच्या उजेडासारखे वागवावे. आयएसओ १०० आणि छिद्र ११ असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. पौर्णिमेचा चंद्र फोटोत सपाट दिसतो. सप्तमी-अष्टमीला उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात; तोच दिवस निवडावा. पुढे कधी दुर्बीण घ्यावीशी वाटली, तर सहा इंची आरशाची आणि लाकडी बैठकीची ‘डॉब्सोनियन’ पाहावी. ती जॉन डॉब्सन यांच्या नावाने ओळखली जाते. रामकृष्ण संघाचे हे एकेकाळचे संन्यासी अमेरिकेत टाकाऊ काच आणि पुठ्ठ्याच्या नळ्या यांपासून दुर्बिणी करून सॅन फ्रान्सिस्कोच्या पदपथावर येणाऱ्याजाणाऱ्यास आकाश दाखवीत. तिच्या नेत्रिकेशी मोबाइल धरूनही चंद्राचे सुरेख फोटो येतात. लांब एक्स्पोजरसाठी मात्र ती नव्हे. आणि एक कडक सूचना : दुर्बिणीच्या तोंडावर सूर्यासाठीचा योग्य फिल्टर बसवल्याशिवाय ती वा कॅमेरा कधीही सूर्याकडे वळवू नका. डोळा क्षणात जातो, परत मिळत नाही.

आता शेवटचे दोन शब्द. ज्या अंधाराचे भांडवल आपण वापरतो, तेच दिवसेंदिवस आटत आहे. माझ्या लहानपणी ज्या गावातून आकाशगंगा दिसे, तेथून आज ध्रुव शोधावा लागतो. दिवे बंद करा, असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या पाळीहून परतणाऱ्या आमच्या भगिनींना रस्त्यावर दिवा हवाच, आणि त्यासाठी आम्ही नगरपालिकेवर मोर्चेही नेले आहेत. पण दिव्याचा उजेड रस्त्यावर पडावा, ढगांवर नव्हे. दिव्याला वरून झाकण घातले की पायांखाली उजेड वाढतो, वीज वाचते आणि तारेही परत येतात. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या आरंभी भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. जंगलात जे जमले ते गावच्या रस्त्यावर थोडे तरी जमायला हरकत नाही.

दुसरे भांडवल वेळेचे. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्यापूर्वी गिरणीतल्या माणसाने शनिवारी रात्र जागवून आकाश पाहावे, हे कोणाच्या स्वप्नातही आले नसते. आज ओव्हरटाइम आणि दोन-दोन नोकऱ्या यांत तो वेळ पुन्हा हातचा चालला आहे. पोट भरल्यावर माणसाला आणखी काय हवे असते, असे मला मालक मंडळी पुष्कळदा विचारतात. त्यांना दाखवण्यासाठी तो गेटवरचा फोटो मी पिशवीत ठेवतो.

येत्या अमावास्येच्या आधीच्या शनिवारी आम्ही काहीजण गावाबाहेरच्या टेकडीवर दोन फळ्या आणि एक जुना कॅमेरा घेऊन बसणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी चादर, पाण्याची बाटली आणि स्वतःचा कॅमेरा असेल तर तो घेऊन यावे. नसेल तर नुसते यावे. फेरे मोजायला माणूस लागतोच.